कढईतील कोळंबी

कोळंबी आपल्याकडे दोन कारणांनी प्रसिद्ध आहे. एक तिची चव आणि दुसरे तिची किंमत. गोव्यात आणि सिंधुदुर्गाकडे तिला सुंगट म्हणतात, मुंबई-ठाण्याकडे कोळंबी म्हणतात. नाव कोणतेही असो, एक अनुभव मात्र सर्वत्र सारखाच येतो. मोठ्या हौसेने बाजारातून आणलेली कोळंबी ताटात येईपर्यंत पुष्कळदा रबरासारखी चिवट झालेली असते, किंवा स्वतःच्याच पाण्यात उकळून फिकी आणि आकसलेली. मग कोणी कोळणीला दोष देतो, कोणी मसाल्याला, तर कोणी गॅसच्या शेगडीला. खरे पाहता दोष बहुधा यांपैकी कोणाचाच नसतो. कोळंबीला चुलीवर द्यावा त्यापेक्षा तिप्पट-चौपट वेळ आपण देतो, आणि चुलीपूर्वी तिच्यासाठी जे करावयास हवे ते मात्र करीत नाही. आज आपण या एकाच गोष्टीचा थोडा सविस्तर विचार करणार आहोत.

हा जादा वेळ आपण का देतो, हेही समजून घेतले पाहिजे. त्याच्या मुळाशी आळस नाही, काळजी आहे. समुद्राचे जिन्नस लवकर नासतात हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. म्हणून ‘चांगली उकळू दे, म्हणजे बाधणार नाही’ असे घरातील वडीलधारी माणसे सांगतात. समुद्रापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांत तर ही काळजी अधिकच असणार. बर्फाची आणि शीतगृहांची सोय नव्हती त्या काळी बडोदे, इंदूर किंवा ग्वाल्हेर येथे स्थायिक झालेल्या मराठी घरांत ताजी कोळंबी पोहोचणे कठीणच होते. तेथे पोहोचत ते सोडे आणि सुका जवळा. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. ती भिजत घालावी लागते आणि तिला रस्सा-भातात बऱ्यापैकी शिजवावेही लागते. आज त्याच गावांत गोठवलेली कोळंबी दुकानात मिळते. परंतु सोड्यांना लावावयाचा वेळ आपण ताज्या कोळंबीलाही लावू लागलो, तर पैसे आणि चव दोन्ही वाया जातात.

ज्या पद्धतीने कोळंबी कमीत कमी वेळात आणि सर्वांत चांगली शिजते, ती पद्धत चिनी स्वयंपाकात शतकानुशतके घोटून तयार झालेली आहे. दक्षिण चीनमधील कँटन प्रांती एक पातळ लोखंडी, गोल बुडाचे, पसरट भांडे वापरतात. तिकडच्या बोलीतील त्याचे नाव ‘वॉक’ हे इंग्रजीत गेले आणि तेथून आपल्याकडे आले. या भांड्यात थोड्या तेलात, प्रखर आचेवर, सतत हलवीत बारीक चिरलेले जिन्नस परतण्याच्या क्रियेला चिनी भाषेत ‘छाओ’ असा एकच शब्द आहे. इंग्रजीत त्याला नेमका शब्द नव्हता. बूवेई यांग चाओ या चिनी महिला डॉक्टरने अमेरिकेत राहून चिनी स्वयंपाकावर एक पुस्तक लिहिले. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकातून ‘स्टर-फ्राय’ हा शब्द इंग्रजी वाचकांना मिळाला. आपल्याला मात्र नवा शब्द शोधण्याची गरज नाही. ‘परतणे’ हा शब्द आपल्याजवळ आहेच.

भांडेही आपल्याला सर्वस्वी नवे नाही. आपली लोखंडी कढई ही वॉकची जवळची नातलगच म्हणावी लागेल. फरक आहे तो जाडीचा आणि खोलीचा. वॉक पातळ आणि पसरट असतो, त्यामुळे तो झटकन तापतो व झटकन निवतो. आपली कढई जाड आणि खोल असते. ती उशिरा तापते, पण एकदा तापली की उष्णता धरून ठेवते. घरगुती शेगडीवर हा गुण उपयोगी पडतो. वॉक नसला तर अडून बसण्याचे कारण नाही. रुंद तोंडाची लोखंडी कढई घ्यावी आणि ती पुरेसा वेळ आधी तापवावी, म्हणजे काम भागते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. कोळंबीला थोडाच वेळ का द्यावयाचा? मटणाशी तुलना केली म्हणजे हे चटकन ध्यानात येते. मटणातील स्नायूंना बांधून ठेवणारे कोलॅजेन नावाचे चिवट द्रव्य मंद आचेवर तास-दीड तासाने विरघळते आणि मटण मऊ होते. तेथे वेळ हा आपला मित्र असतो. कोळंबीत अशी वाट पाहून काहीच पदरात पडत नाही. तिची प्रथिने सुमारे ५० ते ६० अंश सेल्सियसच्या दरम्यान घट्ट होऊ लागतात आणि काचेसारखे अर्धपारदर्शक मांस पांढरे, अपारदर्शक होते. याच वेळी ती खाण्यास सर्वांत उत्तम असते. त्यापुढे उष्णता वाढत गेली की स्नायूंचे तंतू आवळत जातात आणि पिळलेल्या फडक्यातून पाणी निघावे तसा आतील रस बाहेर येतो. जो रस कढईत गेला तो पुन्हा आत जात नाही. मध्यम आकाराच्या कोळंबीच्या बाबतीत उत्तम आणि चिवट या दोन अवस्थांमध्ये अंतर असते ते मिनिटभराचे.

येथे रंगाविषयी एक इशारा दिला पाहिजे. कच्ची कोळंबी करडी किंवा निळसर दिसते आणि शिजताना केशरी-लाल होते. हा रंग मसाल्याचा नव्हे, तिचा स्वतःचाच असतो. ॲस्टाझँथिन हे लाल रंगद्रव्य तिच्या सालीत असते, पण एका प्रथिनाने ते बांधून ठेवल्यामुळे कच्चेपणी ते निळसर भासते. उष्णतेने त्या प्रथिनाची घडी मोडते, रंगद्रव्य सुटे होते आणि लाली प्रकट होते. हा बदल पृष्ठभागावर फार लवकर घडतो. त्यामुळे केवळ रंग आला म्हणून कोळंबी आतपर्यंत शिजली असे समजू नये. खरी खूण मांसाच्या पांढरेपणात आहे. ती कशी पाहावी हे पुढे सांगतो.

मग सुरक्षिततेचे काय? समुद्री अन्नाच्या मधल्या भागाचे तापमान सुमारे ६३ अंश सेल्सियसपर्यंत गेले म्हणजे ते खाण्यास योग्य समजले जाते. सोललेल्या कोळंबीत हे तापमान गाठण्यास तापलेल्या कढईत दोन-तीन मिनिटे पुरतात. वीस मिनिटे उकळल्याने ती अधिक सुरक्षित होत नाही. आणि जी मुळातच नासलेली आहे ती कितीही उकळली तरी निर्दोष होत नाही, कारण काही जीवाणूंनी तयार केलेली विषे उकळत्या पाण्यातही टिकून राहतात. म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांची काळजी योग्यच आहे, फक्त ती चुकीच्या वेळी वाहिली जाते. ती वाहावयाची बाजारात, थैलीत आणि शीतकपाटात.

म्हणून प्रथम खरेदी. ताज्या कोळंबीला समुद्राचा सौम्य वास येतो. अमोनियासारखा उग्र, नाकात झोंबणारा वास आला तर ती किती स्वस्त मिळते आहे याचा विचारही करू नये. साल चकचकीत आणि घट्ट असावी, डोके धडाला पक्के चिकटलेले असावे. डोके लोंबकळू लागले असेल तर तिला मरून बराच वेळ झाला असे समजावे. सालीवर काळसर डाग दिसले तर ते लगेच नासल्याचे लक्षण नव्हे. चिरलेले वांगे हवेत काळे पडते तशाच प्रकारच्या क्रियेने ते येतात. परंतु ते वेळ गेल्याचे दर्शक मात्र आहेत, तेव्हा वास आणि घट्टपणा अधिक बारकाईने पाहावा.

गोव्यातील वाचकांना खाजणांच्या मानशीवर धरलेली कोळंबी मिळण्याचे भाग्य लाभते. भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या दाराला तिकडे मानस म्हणतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत बाजारात दिसणारी कोळंबी बहुधा खाडीची, तळ्यात वाढवलेली किंवा गोठवलेली असते. हैदराबाद, इंदूर अशा शहरांतील दुकानांत गोठवलेली जी कोळंबी मिळते ती पुष्कळदा ‘वन्नामेई’ जातीची असते. ही जात मूळची अमेरिका खंडाच्या प्रशांत महासागराकडील किनाऱ्याची. भारतात तिच्या संवर्धनाला २००९ साली परवानगी मिळाली आणि तेव्हापासून तिचा प्रसार झपाट्याने झाला. तळ्यातून काढल्यावर लगेच गोठवलेली अशी कोळंबी, दिवसभर उन्हात टोपलीत राहिलेल्या ‘ताज्या’ कोळंबीपेक्षा चांगली ठरू शकते. तेव्हा गोठवलेली म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही.

मात्र गोठवलेल्या कोळंबीवर बर्फाचे पातळ कवच असते. पुडीवर बर्फाशिवायचे वजन छापलेले असते, तेच पाहून किंमत तोलावी. ती वितळवण्याची रीतही महत्त्वाची आहे. रात्री शीतकपाटाच्या खालच्या खणात ठेवली तर सकाळपर्यंत ती व्यवस्थित सुटते. घाई असेल तर पाणी आत शिरणार नाही अशा पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवावी. अर्ध्या-पाऊण तासात काम होते. ओट्यावर उघडी ठेवून किंवा गरम पाणी ओतून ती वितळवू नये. तसे केल्यास बाहेरचा भाग नासू लागतो आणि आतला बर्फ तसाच राहतो. एकदा वितळलेली कच्ची कोळंबी पुन्हा गोठवण्याचा मोहही टाळावा.

आता साफ करणे. कोळंबीच्या डोक्यात तिची पचनग्रंथी असते. प्राणी मेल्यावर त्या ग्रंथीतील पाचक रस शेजारचे मांसच पचवू लागतात आणि ते पिठूळ होते. म्हणून अख्खी कोळंबी आणली असेल तर घरी आल्याबरोबर डोकी काढावी. पाठीवर हलकी चीर देऊन काळा दोरा ओढून घ्यावा. तो तिच्या आतड्याचा भाग असून त्यात कधी कधी रेती असते. डोके व साल गेल्यावर मूळ वजनाच्या जवळजवळ निम्मेच मांस हाती राहते, हे ध्यानात घेऊन खरेदी करावी. ताज्या कोळंबीची डोकी व साली मात्र फेकू नयेत. स्वच्छ धुऊन, थोड्या तेलात लाल होईपर्यंत परतून, दोन-तीन भांडी पाण्यात वीस मिनिटे उकळावी व गाळून घ्यावी. या पाण्याने कोळंबीभाताला जी चव येते ती दुसऱ्या कशाने येत नाही.

सोललेली कोळंबी चावताना कुरकुरीत लागावी यासाठी चिनी स्वयंपाकी एक युक्ती करतात. अर्धा किलो सोललेल्या कोळंबीला अर्धा चहाचा चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा चोळून ती पंधरा-वीस मिनिटे शीतकपाटात ठेवावी. सोडा क्षारधर्मी असल्यामुळे शिजताना प्रथिने फार आवळत नाहीत, आणि मिठामुळे मांस आपला रस धरून ठेवते. नंतर ती थंड पाण्याने धुवावी. सोडा यापेक्षा अधिक घातला तर साबणासारखी चव येते, म्हणून हात आखडता ठेवावा. आपल्याकडील लिंबू, आमसूल किंवा आगळ लावण्याची रीत याच्या अगदी उलट काम करते. आम्लाने प्रथिने आगीवाचूनच घट्ट होऊ लागतात. आंबट लावून तासभर ठेवलेली कोळंबी चुलीवर जाण्यापूर्वीच अर्धी शिजल्यासारखी झालेली असते. तेव्हा आंबट लावावयाचे असेल तर अगदी आयत्या वेळी, किंवा शेवटी उतरवताना.

धुतल्यानंतरची पायरी पुष्कळ घरांत गाळली जाते आणि तेथेच घात होतो. कोळंबी स्वच्छ, सुक्या फडक्यात गुंडाळून कोरडी करावी. हा आग्रह का, ते शाळेतील साध्या विज्ञानाने समजते. ३० अंशांवरील १ ग्रॅम पाणी उकळबिंदूपर्यंत नेण्यास ७० कॅलरी उष्णता लागते, परंतु त्याच पाण्याची वाफ करण्यास आणखी सुमारे ५४० कॅलरी लागतात. पाव किलो ओल्या कोळंबीबरोबर दोन मोठे चमचे, म्हणजे ३० ग्रॅम पाणी कढईत गेले असे धरा. ते उडवून लावण्यास सुमारे १८ हजार कॅलरी खर्च होतील. पाव किलो थंड कोळंबीचे तापमान ६० अंशांपर्यंत नेण्यास लागणारी उष्णता याहून बरीच कमी, १० ते ११ हजार कॅलरींच्या घरात असते. म्हणजे शेगडी कोळंबीपेक्षा पाण्यासाठीच अधिक राबते. शिवाय कढईत पाणी आहे तोवर तेथील तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. खमंगपणा येण्यास पृष्ठभाग साधारण १४० अंशांच्या पुढे तापावा लागतो. तोवर ओली कोळंबी परतली न जाता उकळत राहते आणि शेवटी खमंगपणा येण्याच्या आधीच चिवट होते.

हॉटेलातील चवीचे रहस्य येथेच आहे. तेथील चिनी शेगडीची ज्वाला घरच्या शेगडीपेक्षा अनेक पटींनी जोरदार असते. त्या ज्वालेवर तापलेल्या भांड्यातून पदार्थाला जो धुरकट, खमंग वास येतो त्याला कँटनी लोक ‘वॉक हेय’ म्हणतात. त्याचा अर्थ वॉकचा श्वास. घरी ती ज्वाला मिळणार नाही, हे मान्य करावे आणि त्यावर उपाय करावा. उपाय सोपा आहे, तो म्हणजे एका वेळी थोडी कोळंबी घालणे. अर्धा किलो कोळंबी एकदम कढईत ओतली तर कढई निवते आणि सर्वत्र पाणी सुटते. तीच दोन घाण्यांत परतली तर प्रत्येक घाण्याला कढईची पूर्ण उष्णता मिळते. वेळही अधिक लागत नाही, कारण पाणी आटेपर्यंत थांबण्याची वेळच येत नाही.

कढईविषयी दोन शब्द. नवी लोखंडी कढई घासून, पुसून, तापवून तिला तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि धूर येईपर्यंत पुन्हा तापवावी. असे तीन-चार वेळा केले की तेलाचा एक काळसर, गुळगुळीत थर धातूवर बसतो आणि पदार्थ चिकटत नाही. वापरल्यावर ती गरम पाण्याने धुऊन, चुलीवर कोरडी करून, तेलाचे बोट फिरवून ठेवावी. न चिकटणाऱ्या लेपाची भांडी या कामासाठी योग्य नाहीत. रिकामी असताना ती फार तापवली तर त्यांचा लेप बिघडतो. लोखंडी कढईत चिंच, आमसूल किंवा टोमॅटो फार वेळ शिजवू नये. आंबटाने तो काळा थर निघतो आणि पदार्थाला लोखंडाची चव येते.

एवढी तयारी झाली की प्रत्यक्ष कृती हा पाच-सहा मिनिटांचा खेळ आहे. चार माणसांसाठी अर्धा किलो सोललेली, साफ व कोरडी केलेली मध्यम कोळंबी घ्यावी. बोटभर आले उभे बारीक चिरावे, सहा-सात लसूण पाकळ्यांचे काप करावे, दोन हिरव्या मिरच्या चिराव्या. चार-पाच पातीच्या कांद्यांचा पांढरा भाग व हिरवी पात वेगवेगळी कापून ठेवावी. एका वाटीत एक मोठा चमचा सोया सॉस, दोन मोठे चमचे पाणी, अर्धा लहान चमचा साखर आणि अर्धा लहान चमचा कॉर्नफ्लॉवर कालवून ठेवावे. हे सर्व हाताशी मांडून झाल्याशिवाय शेगडी पेटवू नये. कढई तापल्यावर लसूण सोलावयास बसलो तर खेळ संपलाच.

कढई मोठ्या आचेवर कोरडीच तापवावी. पाण्याचा थेंब टाकताच तो चुर्र होऊन क्षणात उडाला म्हणजे ती तयार झाली. आता एक मोठा चमचा शेंगदाण्याचे रिफाइंड तेल कडेने सोडावे. आधी भांडे तापवावे आणि मग थंड तेल घालावे, असा चिनी स्वयंपाकघरातील नियमच आहे. निम्मी कोळंबी एका थरात पसरावी आणि अर्धा मिनिट अजिबात हलवू नये. खालची बाजू खमंग झाली की उलटून आणखी अर्धा मिनिट ठेवावी. मध्यभागी किंचित कच्चेपणा दिसत असतानाच ताटलीत काढावी. कढई पुन्हा तापू द्यावी आणि दुसरा घाणा तसाच करावा. त्यानंतर थोडे तेल घालून आले, लसूण व मिरची पंधरा-वीस सेकंद परतावी, मग कांद्याचा पांढरा भाग अर्धा मिनिट. आता सर्व कोळंबी परत घालावी, वाटीतील मिश्रण ढवळून कढईच्या कडेने सोडावे, अर्धा ते एक मिनिट भराभर हलवावे. रस्सा चकाकी येऊन कोळंबीला चिकटू लागला की हिरवी पात घालून लगेच उतरावे. सोया सॉस खारट असतो आणि मीठ आधी लागलेले आहे, तेव्हा वरून मीठ चाखल्याशिवाय घालू नये.

उतरवण्याची वेळ ओळखण्यासाठी एक जाड कोळंबी निवडून पाठीवरील चिरेत पाहावे. तेथील मांस काचेसारखे न दिसता पांढरे दिसले की झाले. आकारही बोलतो. कोयत्याप्रमाणे वाकलेली कोळंबी बरोबर शिजलेली असते. शून्यासारखी वेटोळी होऊन आवळली असेल तर तिला वेळ जास्त झाला. कढईतून काढल्यावरही आतील उष्णतेने ती थोडी शिजत राहते, म्हणून ती गरम कढईत तशीच राहू देऊ नये, ताटलीत काढावी आणि पाने मांडलेली असतानाच वाढावी.

हाच न्याय आपल्या पदार्थांनाही लागू पडतो. सोया सॉस नको असेल त्याने तो वापरू नये. कोळंबीचे सुके करताना कांदा, मसाला आणि खोबरे आधी पूर्ण परतून घ्यावे, तेल सुटू द्यावे, आणि कोळंबी शेवटच्या तीन-चार मिनिटांत घालावी. आमसूल असेल तर तेही शेवटी. गोव्यातील सुंगटांचे हुमण किंवा कडी करताना नारळाचा रस मसाल्यासह आधी उकळून चवीला पक्का करावा आणि नंतरच कोळंबी सोडावी. एक उकळी आली, मांस पांढरे झाले की आच बंद. प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी आमच्या ख्रिस्ती घरांत मांस वर्ज्य असते, आणि अशा दिवशी कोळंबीची कडी हीच साऱ्या कुटुंबाची मेजवानी ठरते. ती मिसेची वाट पाहत तासभर चुलीवर ठेवण्याऐवजी रस्सा तयार ठेवावा आणि मंडळी घरी आल्यावर कोळंबी त्यात घालावी. पाहुण्यांना पाच मिनिटे थांबावे लागले तरी ते तक्रार करणार नाहीत.

एक गोष्ट मात्र कोणत्याही पाककौशल्याने साध्य होत नाही. काही माणसांना कोळंबी, खेकडा यांची ॲलर्जी असते. ट्रोपोमायोसिन नावाचे जे प्रथिन बहुधा त्याला कारण होते ते उष्णतेला दाद देत नाही. थोडी खा, नीट शिजवलेली आहे, असा आग्रह करणे धोक्याचे असते. खाल्ल्यावर अंगावर गांधी उठणे, ओठ-जीभ सुजणे, श्वास लागणे अशी लक्षणे दिसली तर घरगुती उपायांत वेळ न दवडता तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. पाहुण्यांना वाढण्यापूर्वी विचारून घेणे हाच उत्तम आतिथ्यधर्म. ज्यांना ही बाधा आहे त्यांच्यासाठी वेगळी कढई व वेगळा उलथना वापरावा.

शिल्लक राहिलीच तर ती दोन तासांच्या आत झाकून शीतकपाटात ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी संपवावी. पुन्हा परतताना ती थोडी चिवट होणारच. त्यापेक्षा तिचे तुकडे करून गरम भातात किंवा ऑम्लेटमध्ये मिसळावे आणि वाफ येईपर्यंत नीट गरम करावे.

श्रोतेहो, हे सर्व ऐकून एखाद्या सणाला दोन किलो कोळंबी आणून प्रयोग करू नका. प्रथम पाव किलोच आणा. ती पुसून कोरडी करा, कढई नीट तापवा, घड्याळ समोर ठेवा आणि एक मिनिट झाल्यावर एक कोळंबी चाखून पाहा. नंतर आणखी एका मिनिटाने दुसरी चाखा, आणि तिसरी मुद्दाम आठ मिनिटांनी. तिन्हींतील फरक घरातल्या सर्वांना कळेल, आणि ‘अजून जरा उकळू दे’ म्हणणारेही पुढच्या वेळी कढई वेळेवर उतरवतील.